काटाच असेल

७ जुलै, रविवार

पोचलो एकदाचा बोईसरला. तीन गाड्या बदलून अंगाचा पार भुगा झाला होता, पण खोली बघितली आणि निम्मा शीण तिथंच गेला. पहिला मजला, दोन खिडक्या, नळाला दिवसातून दोनदा पाणी. एका खिडकीतून कारखान्यांची धुराडी दिसतात आणि दुसरीतून शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेले बोंबील. वासानं पहिला तासभर डोकं उठलं. मग भूक लागली, तेव्हा तोच वास बरा वाटायला लागला. माणूस म्हणजे अजब प्राणी आहे.

काम जुनंच. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या मशीनचे होज पाईप. फुटलेला पाईप आला की त्या मापाचा नवा कापायचा, दोन्ही टोकांना फिटिंग घालायची, मशीनवर दाबून घट्ट बसवायची आणि द्यायचा. तासगावकडं ऊसतोडणीच्या मशीनचे पाईप बारा वर्षं केले. आता इथं कारखाने, क्रेन, जेसीबी आणि म्हणे होड्यासुद्धा. आनंदा मिस्तरी समुद्रावर निघाला! समिधाला फोनवर सांगितलं तर म्हणाली, आधी पोहायला शिका. बायको आहे का वैरीण.

ही डायरी अंकुशनं दिली. तो दुकानातला माझा जोडीदार, इथल्याच मासवणचा, कमी बोलणारा. एका होज कंपनीची फुकटातली डायरी आहे, अर्धं वर्ष कोरं गेलेलं. म्हटलं, चला, जुलैपासून तर जुलैपासून.

९ जुलै, मंगळवार

दुकान तारापूर रोडला आहे, मालकीण चंद्रकांताताई. पन्नाशीच्या, नाकावर चष्मा, हातात कायम माप घ्यायचा व्हर्नियर. बाईमाणूस असून फिटिंगचं माप नुसत्या नजरेनं सांगतात. त्यांनी पहिल्या दिवशी तीन नियम सांगितले. एक, फिटिंगवर दाबून बसवलेल्या लोखंडी टोपीचं माप घेतल्याशिवाय पाईप मशीनवरून हलवायचा नाही. दोन, प्रत्येक पाईप टेस्टिंगच्या पंपावर दुप्पट दाबानं तपासायचा, मगच त्याला ‘तपासलं’ लिहिलेली पिवळी पट्टी बांधायची आणि खाली सही करायची. तीन, गळती शोधायला पुठ्ठा फिरवायचा, बोट नाही.

तिसऱ्या नियमासाठी बाकाखाली मिठाईच्या खोक्यांची झाकणं रचून ठेवलीत. मला हसू आलं. आमच्याकडं सगळे बोटच फिरवतात. चालू मशीनच्या पाईपवरून हलकं बोट न्यायचं, कुठं ओलं-गरम लागलं की समजायचं, इथं आहे. माझं बोट म्हणजे मीटर आहे, असं आमचे साहेब चारचौघांत म्हणायचे.

हे मी ताईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. त्यांच्या नवऱ्याची दोन बोटं अशीच गेली म्हणे. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून तेलाची धार येते, ती दिसतच नाही आणि कातडीतून सरळ आत घुसते. वर नुसता ठिपका दिसतो. दुखतही नाही, म्हणून माणूस घरी जाऊन जेवतो, झोपतो, आणि आत मांस मरत जातं. सहा तासांच्या आत कापून तेल काढलं तर हात वाचतो. त्यांचे यजमान दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले होते. ताई म्हणाल्या, ठिपका दिसला की मला रात्री तीनला उठव, पण घरी जाऊ नको. मी हो हो म्हटलं.

१८ जुलै, गुरुवार

दहा दिवसांत नाव झालं माझं. आपल्या तोंडानं सांगू नये, पण सांगतो. काल एका कारखान्यातनं तीन वेळा परत आलेला पाईप मी एका तासात काढून दिला. त्यांचा सुपरवायझर जाताना म्हणाला, मानना पडेगा. अंकुशनं चहा आणला आणि स्वतः न पिता मला दिला. ताई संध्याकाळी मशीनची किल्ली माझ्याकडं ठेवून गेल्या. आठ वर्षं ती अंकुशकडं होती. त्याला वाईट वाटलं असेल, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही.

इथल्या भाताला सरावलो. भाकरी मात्र कोणी धड करत नाही.

२४ जुलै, बुधवार

आज एडवणला होडीवर जाऊन आलो. रामा नावाचा गडी दुकानात आला होता, चाळिशीचा, दांडगा, हसला की डोळे मिटतात. मासेमारीची बंदी महिनाअखेरीस उठते, त्याआधी जाळं ओढायच्या विंचचे पाईप बघायचे होते. म्हणाला, मिस्तरी, तुमी सोता चला, आमाला नाय कळत कुठून गळतंय, तेल तर रोज कमी व्हतंय.

अंकुशच्या स्कूटरवरून गेलो. दुतर्फा माड, मग एकदम वाळू. होडी किनाऱ्यावर ओढून ठेवलेली, नव्या रंगाची. पाईप दोन, दोन्ही मिठानं खाल्लेले, आतल्या तारांना गंज. रामाचा धाकटा भाऊ सुजीत, पंचविशीचा असेल, त्यानं इंजिन चालू केलं. मी बाह्या वर केल्या आणि बोट फिरवलं. तीन जागा दाखवल्या पटापट. रामा तोंड उघडं टाकून बघत होता. म्हणाला, तुमच्या बोटात देव हाय.

आयला, असं कोणी म्हटलं की मी वेडा होतो. मी त्याला शिकवलं. म्हटलं, नखाची बाजू वर, बोटाची गादी पाईपला हलकी लावायची, फिटिंगच्या टोपीजवळ सावकाश जायचं, गळती तिथंच असते. त्यानं करून बघितलं. सुजीतनं पण करून बघितलं. दोघांना एक जागा बरोबर सापडली तेव्हा पोरांसारखे खूष झाले. अंकुश बाजूला उभा होता, तो म्हणाला, पुठ्ठा वापरा. कोणी लक्ष दिलं नाही, मी तर नाहीच.

रामाच्या बायकोनं, पुष्पलतानं, जेवू घातलं. ओल्या बोंबलाचं कालवण. दोनदा भात घेतला. ती म्हणाली, आता तुमी आमच्या घरचे. एवढं आपलेपण मला तासगाव सोडल्यापासून कोणी दाखवलं नव्हतं.

३० जुलै, मंगळवार

जीव गेला आज. बंदी उद्या उठणार म्हणून सगळ्या किनाऱ्याचे पाईप एकदम दुकानात. सातपाटी, एडवण, डहाणू, माणसं रांगेत उभी. ताई कामासाठी पालघरला गेलेल्या, अंकुश कारखान्यात. टेस्टिंगच्या पंपाचं सील सकाळीच गेलं.

रामा चारला आला. दोन पाईप. मी कापले, फिटिंग घातली, दाबली. माप घ्यायला व्हर्नियर शोधला तर सापडेना, ताईंच्या पिशवीत गेला असणार. पंप बंद. रामा म्हणाला, उद्याच्या उद्या बसवायचेत, परवा पहाटे पहिली फेरी हाय, तुमचं काम हाय म्हटल्यावर बघायचं काय त्यात. मागं अकरा माणसं उभी. मी पिवळ्या पट्ट्या काढल्या, सही केली, बांधल्या.

तपासलं नव्हतं. लिहून ठेवतो, कारण बाकी कुणाला सांगणार नाही. पण माझ्या हातचा पाईप बारा वर्षांत गळलेला नाही. उगीच जीवाला कशाला लावून घ्यायचं.

५ ऑगस्ट, सोमवार

दुपारी दीडला रामा आला. अंकुश मागं जेवत होता, शटर अर्धं खाली. तो वाकून आत आला, तसाच हसत. म्हणाला, विंचचा एक पाईप टोपीपाशी पाझरतोय वाटलं, म्हणून तुमी दावलं तसं बोट फिरवलं, तर टोचल्यासारखं झालं. सकाळी नवाला. ह्ये बघा.

उजव्या हाताची तर्जनी. पुढच्या पेरावर एक ठिपका. बाकी काही नाही. पेर मात्र पांढरं पडलेलं, आणि दाबलं तर म्हणाला, कळत नाय, बधीर हाय.

मला कळलं. तिथंच, त्या क्षणाला कळलं. घड्याळ बघितलं, साडेचार तास झाले होते. ताई आत ऑफिसात बसलेल्या. हाक मारायची होती फक्त. पण हाक मारली असती तर पहिला प्रश्न पाईपचा आला असता. पाईप तपासला होता का. आणि बोट फिरवायला कोणी शिकवलं.

रामानंच विचारलं, काटाच ना, मिस्तरी? शिंगाळा माशाचा काटा असाच लागतो.

मी म्हटलं, काटाच असेल. गरम पाण्यात बुडव.

तो बरं म्हणाला. पाझरणारा पाईप काढून पिशवीत आणला होता, मी त्याला दुसरा करून दिला, तपासून. पिशवीतनं त्यानं माझ्यासाठी सुके बोंबील काढून ठेवले आणि गेला. वाटलं होतं फोन करावा. तीनपर्यंत वाटत होतं. तीनला सहा तास भरले, मग वाटलं, आता करून तरी काय.

७ ऑगस्ट, बुधवार

अंकुश सांगत आला की एडवणच्या रामाचा हात कोपरापर्यंत सुजला, काळा पडला, पालघरहून मुंबईला हलवलं. मी म्हटलं, अरेरे. तोंडातनं निघालं, अरेरे.

रामानं आणलेला पाईप मी बाकाखाली लपवला होता, तो आज मोजला. टोपी अर्धा मिलिमीटर ढिली. घाईत मी मशीनमध्ये जाड पाईपची डाय, टोपी दाबायचा साचा, तशीच ठेवली होती. टोपीच्या कडेला बारीक भोक, आणि त्याच्या बाजूलाच माझी सही असलेली पिवळी पट्टी.

दोन्ही पाईप एकाच डायवर केले होते. दुसरा होडीवरच आहे.

९ ऑगस्ट, शुक्रवार

हात कापला. खांद्याच्या जरा खालून.

पुष्पलताचा फोन आला, माझा नंबर रामाच्या फोनात होता. म्हणाली, तुमी सांगितलं तसं आमी गरम पाण्यात ठेवला, दोन दिस ठेवला, दर तासाला पाणी बदललं. आमचं काय चुकलं काय? डॉक्टर म्हणतात त्याची साखर वाढली व्हती, त्यानं झालं. मी म्हटलं, हो, साखरेनं होतं असं. माझ्या तोंडाला कीड पडो. वर तीच मला म्हणाली, तुमी जिवाला लावून घेऊ नका.



१२ ऑगस्ट, सोमवार

रामा गेला. विष अंगभर भिनलं.

१३ ऑगस्ट, मंगळवार

एडवणला गेलो, ताई आणि अंकुशबरोबर. दारात बायका रडत होत्या. पुष्पलतानं मला बघितलं आणि पदर सावरून उठली, मला बसायला पाट दिला. मला. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ज्यानं त्याच्या घरी दोनदा भात घेतला, त्यानंच.

परत येताना ताईंनी गाडीतच विचारलं. रामाच्या बोटाला नक्की काय झालं होतं, तू बघितलं होतंस का. मी म्हटलं, काटा. त्यांनी विचारलं, त्याचे पाईप तपासले होते? मी म्हटलं, हो ताई, दोन्ही. त्या माझ्याकडं बघत राहिल्या आणि मग खिडकीतून बाहेर बघायला लागल्या. अंकुशनं मान खाली घातली. त्याला ती दुपार आठवत असणार, मी बोटानं शिकवत होतो ती. तो माझी लाज राखतोय आणि त्यानं मला जास्तच मेल्यासारखं होतं.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

हे लिहायला नको. समिधा वाचेल तर मला वेड्यात काढेल.

दुपारी दीडला अंकुश मागं जेवायला गेला. शटर अर्धं खाली होतं. कोणीतरी वाकून आत आलं. मी मान वर न करताच म्हटलं, जेवणाची सुट्टी आहे. तर समोर रामा. तेच हसू, डोळे मिटलेले. हात काउंटरवर ठेवला, उजवा, सगळाच्या सगळा. तर्जनी पुढं केली. ठिपका.

काटाच ना, मिस्तरी?

पळालो नाही, ओरडलो नाही. काय केलं ते लिहितो. म्हटलं, काटाच असेल. गरम पाण्यात बुडव.

बरं म्हणाला आणि वाकून गेला.

अंकुश आला आणि मला बोलला, हात पुसून काउंटरला टेकत जा, तेलाचे पंजे उमटवलेस. माझे हात कोरडे होते. मी फक्त डायरी लिहीत होतो.

१७ ऑगस्ट, शनिवार

आला. दीडला. बोट सुजलेलं, निळसर. तोच प्रश्न. ठरवलं होतं सांगायचं. तोंड उघडलं आणि काटा म्हणालो.

अंकुशनं विचारलं, कोणाशी बोलत होतास. म्हटलं, फोनवर. त्यानं काउंटर पुसला, कापड हुंगलं आणि म्हणाला, हायड्रॉलिकचंच तेल आहे, गरम आहे अजून.

१९ ऑगस्ट, सोमवार

आज नारळी पौर्णिमा, सगळा किनारा नटलाय म्हणे. एडवणच्या त्या घरात सुतक. म्हटलं, आज तरी यायचा नाही. आला. कोपरापर्यंत काळा हात. वासानं डोळ्यात पाणी. काटाच ना, मिस्तरी?

आयुष्यात खोटं कुणाला बोललो नाही असं नाही. पण मेलेल्या माणसापुढं, ज्याला सगळं माहीत आहे त्याच्यापुढं सुद्धा खोटं बोलतोय. त्याचा राग असता तर सोसला असता. तो रागावत नाही हो. विश्वास ठेवतो आणि बरं म्हणून जातो.

२१ ऑगस्ट, बुधवार

सुजीतचा फोन. तेरावं झालं की सत्तावीसला होडी काढतोय, रामादादाची होडी बंद ठेवायची नाय, वहिनीचं तोंड बघवत नाय. विंच चांगली चालते का बघायला याल का, म्हणून विचारत होता.

दुसरा पाईप. तोच. माझ्या सहीचा.

मी म्हटलं, तो राहिलेला पाईप बदलून टाकू, नवा आणतो. तर सुजीत म्हणाला, नको मिस्तरी. तो रामादादानं सोताच्या हातानं बसवलाय, पहिल्या फेरीला त्यावर कुंकू लावलंय, वहिनी त्याला हात लावू देत नाय. तपासलेला हाय ना, पट्टी हाय त्यावर.

हाय ना, म्हणाला. मी म्हटलं, आहे.

एक वाक्य होतं. तपासलेला नाही. दोन शब्द. बारा वर्षांचं नाव, ताईंची किल्ली, ते सगळं दोन शब्दांत जाणार होतं म्हणून गिळले.

२२ ऑगस्ट, गुरुवार

माझ्या बोटावर ठिपका. उजवी तर्जनी, पुढचं पेर. कुठल्या चालू पाईपला हात लावलेला नाही, पंधरा दिवस पुठ्ठाच वापरतोय. दाबलं तर कळत नाही. नखाखालून वास येतो.

आज दीडला तो आला नाही.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

पालघरला दवाखान्यात गेलो, स्टेशनजवळ. ताईंकडं जायला पाहिजे होतं, ताईंना काय सांगू. डॉक्टरांनी विचारलं काय झालं. मी म्हटलं, काटा लागला. स्वतःचा हात जातोय तरी खरं बोलवत नाही, किती हलकट असावं माणसानं.

त्यांनी बोट बघितलं, दाबलं. म्हणाले, काही नाही, काटाच असेल, गरम पाण्यात बुडवा.

रडू आलं तिथंच. म्हटलं, डॉक्टर, तेल आहे आत, दाबाचं तेल, कापा. त्यांनी दिव्याखाली धरून परत बघितलं. म्हणाले, ठिपकासुद्धा दिसत नाही मला. झोप होते का तुमची?

मला दिसतोय. आत्ता लिहिताना दिसतोय.

२४ ऑगस्ट, शनिवार

समिधाला फोन केला, सगळं सांगायला. तिनं आधी विचारलं, जेवलात का. मग तिनं सांगितलं, इकडं सगळ्यांना सांगते मी, आमचे हे तिथं एका हातानं दोन माणसांचं काम करतात. मी ऐकून घेतलं. फोन ठेव म्हटलं.

पेन नीट धरता येत नाही. अक्षर बघा.

२५ ऑगस्ट, रविवार

एडवणला गेलो. एकटा, एसटीनं. नवा पाईप पिशवीत, तीनदा तपासलेला. पुष्पलता अंगणात जाळं शिवत होती. सांगतो म्हटलं, बसलो, पाणी प्यालो. तिनं माझ्या हाताकडं बघितलं आणि विचारलं, मिस्तरी, बोटाला काय झालं.

काटा, म्हटलं.

ती उठली. चुलीवर पाणी ठेवलं. ज्या तपेल्यात रामाचा हात ठेवला असेल तेच तपेलं. माझं बोट धरून तिनं त्यात बुडवलं आणि दर थोड्या वेळानं पाणी बदललं. मी बसून राहिलो. तासभर बसलो. तिच्या नवऱ्याला मी मारलं आणि ती माझं बोट शेकत होती. बोललो नाही.

पाण्यावर तेलाचा तवंग आला. ती म्हणाली, मशीनचं काम, निघेल सावकाश.

२६ ऑगस्ट, सोमवार

उद्या होडी.

ताईंना चिठ्ठी लिहायला घेतली. ‘ताई, तो पाईप’ एवढंच. हात चालेना. डाव्यानं लिहिलं, वाचता येईना. अंकुशला हाक मारली. तो आला, उभा राहिला, वाट बघितली. मी म्हटलं, चहा सांग.

ठरवलं. उद्या त्यांच्याबरोबर होडीवर जातो. विंच बघायला, म्हणून. तिथं पळायला जागा नाही. तिथं सांगतो.

२७ ऑगस्ट, मंगळवार. होडीवर

सकाळी साडेनऊ. किनारा दिसत नाही. सुजीत, दोन खलाशी आणि मी. पाईप समोर आहे, कुंकू अजून लाल — पिवळी पट्टी वाऱ्यावर हलते, माझी सही इथून वाचता येते —

साडेदहा. जाळं पाण्यात. अजून विंच चालू नाही. आता सांगायला पाहिजे. सुजीत चहा घेऊन आला, म्हणाला, दादा असता तर तुमाला बघून — आणि कप पुढं केला. मी चहा घेतला.

अकरा. विंचपाशी कोणीतरी बसलंय. पाठमोरं. खलाशी दोघं पुढं आहेत, सुजीत सुकाणूवर. उजवी बाही रिकामी — वळत नाही. विचारत पण नाही आता. त्यानं विचारणं सोडलं —

जाळं वर यायला लागलं की सांगतो. आधी नको, घाबरतील. नाही — खोटं. आधीच सांगायला पाहिजे. लिहितोय कशाला, तोंड आहे ना —

विंच चालू केली. पाईप ताठ झाला. थरथरतोय. टोपीपाशी — काही दिसत नाही, दिसणारच नाही, पण तेलाचा वास — गरम —

सुजीत आला. वाकला. म्हणतो, इथं ओलं लागतंय का, मिस्तरी? थांबा, तुमी दावलं तसं बघतो. नखाची बाजू वर. सावकाश. अगदी मी शिकवलं तसंच. माझ्याकडं बघून हसतोय, बरोबर ना म्हणून विचारतोय, आणि मी मान हल—

नाही. सुजीत, तो पाईप मी